ग्रानादात (स्पेन) वर्षभर शिकायला जातेय: राहायचं कुठे, जेवणाचं काय, भाषेचं काय?

वारणाकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी पुण्यात स्पॅनिशमध्ये एम.ए. करतेय. कॉलेजच्या करारातून सप्टेंबरपासून एक शैक्षणिक वर्ष ग्रानादा विद्यापीठात शिकायची संधी मिळाली आहे. आमच्या घरातून परदेशात शिकायला जाणारी मी पहिलीच, त्यामुळे घरात आनंदही आहे आणि काळजीही तेवढीच.

राहण्याचे दोन पर्याय समोर आहेत. एक, तीन भारतीय मुली शहराच्या मध्यभागी फ्लॅट घेतायत, त्यांच्यात चौथी म्हणून जायचं. दुसरा, सायदीन भागात एक सत्तरीच्या आजी एकट्या राहतात, त्या घरातली एक खोली विद्यार्थिनीला देतात. स्वयंपाकघर वापरू देतात. आईबाबांचं म्हणणं, आपल्या मुलींसोबतच राहा. मला ठरवता येत नाहीये.

मी अंडं खाते, मासे-मटण नाही. तिथे निभेल का? आणि आमच्या एका शिक्षकांनी सांगितलं की अंदालुसियातले (ग्रानादा ज्या प्रांतात आहे तिथले) उच्चार फार अवघड, बी-१ म्हणजे मधल्या पातळीच्या स्पॅनिशच्या भरवशावर काही कळणार नाही. हे ऐकल्यापासून धास्ती घेतली आहे. कुणी तिथे राहिलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

डोंगरवाट

मी वालेन्सियात होतो, ग्रानादाचं मला माहीत नाही, म्हणून फक्त कागदपत्रांचं सांगतो. तुझा मुक्काम १८० दिवसांपेक्षा जास्त आहे, तेव्हा व्हिसासाठी पोलिस क्लिअरन्स आणि मेडिकल सर्टिफिकेट दोन्ही लागतील. अपोस्टील (कागदपत्रांचं परदेशी वापरासाठीचं प्रमाणीकरण) आणि स्पॅनिश भाषांतर यात वेळ जातो, ऑफर लेटर हातात पडलं की लगेच सुरुवात कर. खर्चाची तरतूद दाखवताना ते इप्रेम नावाचा सरकारी उत्पन्नाचा आकडा धरतात, २०२३ पासून तो महिना ६०० युरो आहे.

तिथे पोचल्यावर एका महिन्याच्या आत परदेशी विद्यार्थ्याच्या ओळखपत्रासाठी, म्हणजे तिएसाठी, अर्ज करायचा असतो. त्याची अपॉइंटमेंट ऑनलाइन मिळवणं हेच मोठं काम. सकाळी लवकर उठून साइट बघत राहावं लागतं. त्याआधी नगरपालिकेत पत्त्याची नोंद, त्याला पाद्रोन म्हणतात. मी पहिल्यांदा जिथे राहिलो त्या घरमालकाने नोंदीसाठी कागद द्यायला साफ नकार दिला होता आणि मला दोन महिन्यांत घर बदलावं लागलं. म्हणून खोली घ्यायच्या आधीच लेखी विचार: पाद्रोन करू द्याल का? आणि खोली प्रत्यक्ष किंवा निदान व्हिडिओ कॉलवर बघितल्याशिवाय कुणालाही आगाऊ पैसे पाठवू नकोस.

माणगंगा

वारणाकाठ, आजींच्या घरात राहा. बाकीचं सगळं लिहिते, पण हे आधी.

मीही एम.ए. करतानाच ग्रानादात होते, सायदीनमध्येच, एका विधवा बाईंच्या घरी. सायदीन हा कष्टकऱ्यांचा जुना भाग. पर्यटक तिकडे फिरकत नाहीत. आल्हाम्ब्रा (तिथला प्रसिद्ध जुना किल्ला-राजवाडा) दिसावी म्हणून कुणी तिथे खोली घेत नाही, पण खाली बेकरी, समोर भाजीवाला, कोपऱ्यावर बार, आणि संध्याकाळी बाकांवर बसलेल्या म्हाताऱ्या बायका. आठवडाभरात सगळ्यांना माहीत होतं की त्या अमक्या बाईंकडे भारतातली मुलगी आली आहे.

आपल्या मुलींसोबत राहण्यात वाईट काही नाही. ताप आला तर पेज करून देणारं कुणीतरी असतं, सणाला घर भरतं. पण तू भाषेसाठी चालली आहेस ना? वर्गात प्राध्यापक बोलतात आणि आपण लिहून घेतो, ते तर पुण्यातही होतं. तोंड उघडायची वेळ घरात येते. आमच्याकडे पाणी तापवायला सिलिंडर होता. केशरी सिलिंडरांची गाडी ठरलेल्या दिवशी गल्लीत यायची, माणूस तो खांद्यावर घेऊन जिने चढायचा. बाई बाजारात गेलेल्या असल्या की दार मी उघडायचे, पैसे मी द्यायचे, मागच्या वेळचा सिलिंडर गळत होता हेही मीच सांगायचं. त्या दोन मिनिटांत जे बोलावं लागतं ते कुठल्याही वर्गात होत नाही.

आता थंडीबद्दल, कारण खरं तर तिथूनच सगळं सुरू होतं. अंदालुसिया म्हणजे ऊन असं ऐकून लोक पातळ जाकीट घेऊन येतात. ग्रानादा समुद्रसपाटीपासून साधारण ७०० मीटर उंचावर आहे आणि मागे सिएरा नेवादा उभी आहे, तिचं मुलासेन शिखर जवळजवळ साडेतीन हजार मीटरचं. जानेवारीत रात्री पारा शून्याला टेकतो, आणि जुन्या घरांत हीटिंग नसतं. लादी पायाला चावते. यावर त्यांचा एक जुना उपाय आहे. बैठकीच्या खोलीत गोल टेबल, त्यावर जमिनीपर्यंत येणारं जाड कापड. टेबलाच्या खालच्या फळीला मधोमध गोल भोक, त्यात विजेची शेगडी बसवलेली. पूर्वी तिथे निखाऱ्यांची परात असायची. कापड मांडीवर ओढायचं, पाय आत घालायचे आणि बसायचं. खोलीत इतर कुठेही ऊब नाही, त्यामुळे नोव्हेंबर ते मार्च अख्खं घर त्या टेबलाभोवती. माझा अभ्यास तिथे, बाईंचं विणकाम तिथे, दुपारची टीव्ही मालिका तिथे, आणि शेजारीण आली की तीही पाय आत घालून बसणार. माझं स्पॅनिश त्या टेबलाशी तयार झालं.

बाईंचे आईवडील साठच्या दशकात कामाला जर्मनीत गेले होते. तेव्हा अंदालुसियातली हजारो माणसं पोटासाठी जर्मनीत, स्वित्झर्लंडमध्ये, बार्सिलोनाला गेली. बाई तेव्हा लहान होत्या, आल्पुहारातल्या डोंगराळ गावात आजीजवळ वाढल्या. आईवडील उन्हाळ्यात तेवढे यायचे. त्यामुळे मी घरी फोन करून ठेवला की त्या लगेच विचारायच्या, आई काय म्हणाली? नुसतं 'बरी आहे' सांगून भागायचं नाही. आमची सांगोल्याकडे डाळिंबाची बाग आहे. त्या वर्षी बागेवर तेल्या रोग आला होता. घरात सगळे हवालदिल, आणि मी इतक्या लांब. बाईंनी विचारलं, झालं काय? तेल्या कसा सांगायचा? मी पुढ्यातलं एक ऑलिव्ह उचललं, त्यावर पेनाने काळे तेलकट ठिपके काढले, मग ते मधोमध फोडून दाखवलं, असं फळ चिरतं म्हणून. त्यांना क्षणात कळलं. त्यांच्या भावाची ऑलिव्हची झाडं होती. मग फवारणी कसली करता, पाऊस कधी थांबतो, विमा असतो का, असे प्रश्न सुरू झाले. दुसऱ्या दिवशी भाजीवाल्यानेही मला विचारलं, बागेचं काय झालं.

ग्रानादाचं चिन्हच डाळिंब आहे. फुटपाथच्या कडेच्या लोखंडी खुंटांच्या डोक्यावरसुद्धा डाळिंब असतं. मी बाबांना फोटो पाठवला तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न, जात कुठली, भगवा का? इतक्या काळजीच्या दिवसांत ते फोनवर हसले याचं मला फार बरं वाटलं होतं.

जेवण. अंडं खातेस तर निम्मा प्रश्न सुटला. बटाट्याचं जाड ऑम्लेट म्हणजे तोर्तिया सगळीकडे मिळतं. तळलेली वांगी उसाच्या काकवीसोबत देतात, ती खाच. पालक-हरभऱ्याची भाजी मिळते, ती तर घरचीच वाटेल. पण एक लक्षात ठेव: नुसतं मांस नको म्हटलंस तर बरेच लोक हॅम आणि टूना त्यात धरत नाहीत. हॅमचे तुकडे शेंगांच्या भाजीत असतात, साल्मोरेखो नावाच्या गार टोमॅटो सूपवर भुरभुरलेले असतात, मसुरीत चोरिसो (डुकराच्या मांसाचं सॉसेज) असतो. म्हणून दरवेळी नाव घेऊन सांगायचं, हॅम नको, चोरिसो नको, टूना नको. ग्रानादात बारमध्ये पेय मागवलं की सोबत खायला फुकट येतं, अगदी साधा रस मागवला तरी बहुतेक ठिकाणी मिळतं. ते काय येईल हे बार ठरवतो, पण आधी सांगितलं तर बदलून देतात. विद्यार्थ्यांची कित्येक रात्रींची जेवणं अशीच होतात. मसूर, हरभरे, तांदूळ कुठल्याही सुपरमार्केटात. जिरे, धणे, हळद, मेथी घ्यायला काल्देरेरिया गल्लीच्या आसपास मोरोक्कन दुकानं बघ.

वेळा मात्र अंगवळणी पडायला वेळ लागतो. दुपारचं जेवण अडीच-तीनला, रात्रीचं साडेनऊ-दहाला. दोन ते पाच छोटी दुकानं बंद. रविवारी बहुतेक सुपरमार्केटंही बंद, त्यामुळे शनिवारी सामान भरून ठेव.

विभाग कुठे आहे ते बघ. फिलॉसॉफी अँड लेटर्स असेल तर ते कार्तुहा टेकडीवर आहे, सायदीन शहराच्या दुसऱ्या टोकाला, बसने जावं लागेल. भाषांतर विभाग मध्यवस्तीत आहे, तिथे चालतही जाशील. गुण दहापैकी, पास व्हायला पाच. प्राध्यापकांना नावाने हाक मारतात आणि अरे-तुरे करतात. आपली जीभ रेटत नाही, पण रेटव, कारण अहो-जाहो केलं की तेच अवघडतात. कवी-नाटककार लोर्कावरचा कोर्स उपलब्ध असेल तर सोडू नकोस. तो १८९८ साली जवळच्या फुएन्ते बाकेरोस गावात जन्मला आणि ऑगस्ट १९३६ मध्ये यादवी युद्धाच्या सुरुवातीलाच त्याला ग्रानादाबाहेर बिस्नार आणि आल्फाकारच्या मधे गोळ्या घातल्या. मृतदेह अजून सापडलेला नाही. त्याच्या घरच्यांचं उन्हाळ्यातलं घर, उएर्ता दे सान बिसेन्ते, आता संग्रहालय आहे. त्या शहरात बसून त्याला वाचणं फार वेगळं आहे. मी घरी येऊन बाईंना त्या दिवसांबद्दल विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, आमच्या लहानपणी घरात या विषयावर मोठी माणसं बोलतच नसत. मग त्या स्वतः बराच वेळ बोलल्या. हे भारतीय मैत्रिणींच्या फ्लॅटमध्ये कुठून मिळणार?

तोर्मेसकाठ

माणगंगा यांनी फार छान लिहिलंय, पण भाषेबाबत माझं मत वेगळं आहे. मी सालामांकात शिकले. १२१८ साली स्थापन झालेलं विद्यापीठ, परदेशी विद्यार्थ्यांना स्पॅनिश शिकवायची मोठी परंपरा, आणि लोक स्पष्ट बोलतात. शेवटचा 'स' ऐकू येतो, 'द' गिळत नाहीत. बी-१ घेऊन आलेल्या मुलीला रस्त्यावरचं संभाषण पहिल्या आठवड्यात कळणं याने आत्मविश्वास केवढा वाढतो! माझी एक मैत्रीण अंदालुसियात गेली, ती डिसेंबरपर्यंत गप्पच असायची. वारणाकाठला विद्यापीठ बदलून मिळत असेल तर विचार करायला हरकत नाही. सालामांका थंड आहे, ग्रानादाहूनही, पण घरांत हीटिंग असतं. शहर लहान, सगळं चालत. संध्याकाळी प्लासा मायोर या मुख्य चौकाच्या पिवळ्या दगडावर ऊन पडतं तेव्हा सगळं गाव तिथे जमलेलं असतं.

माणगंगा

तोर्मेसकाठ, सालामांका सुंदर आहे, मी जाऊन आलेय. पण केवळ उच्चारांसाठी ग्रानादा सोडावं हे मला पटत नाही, आणि यावर मी जरा जोरात बोलणार आहे, कारण हीच भीती घालून मुलींना परत फिरवलेलं मी पाहिलंय.

पहिले काही आठवडे कळत नाही हे खरं. शेवटचे 'स' जातात, 'पेस्कादो'चं 'पेस्काओ' होतं, बोलणं भरभर असतं. पण वर्गात प्राध्यापक सावकाश आणि नीट बोलतात, तिथे अडत नाही. आणि जगातल्या स्पॅनिश बोलणाऱ्यांपैकी बहुसंख्य लोक लॅटिन अमेरिकेत आहेत. कॅरिबियनमध्येही शेवटचा 'स' असाच गळतो. उद्या दुभाषी म्हणून काम करायचं तर समोर येणारा माणूस सालामांकाचाच असेल का? देले या स्पॅनिशच्या प्रमाणपत्र परीक्षेतसुद्धा वेगवेगळ्या देशांचे उच्चार ऐकवतात. कान एकदा अंदालुसियात तयार झाला की पुढे कुठेही अडत नाही. कोल्हापूरकडची मराठी फक्त पुस्तकात वाचून आलेल्या माणसाला सोपी जाते का? तरी तीच आपली भाषा.

गप्प बसणाऱ्या मैत्रिणीचं म्हणशील, तर ती राहायची कुणासोबत हे विचारून बघ. मला वाटतं प्रश्न तिथेच असेल. वारणाकाठ, न कळल्यावर मान डोलावायची नाही एवढंच पाळ. परत सांगा म्हण. ग्रानादातली माणसं तोंडाने तुसडी वाटतात, ते त्या शहराचं प्रसिद्धच आहे, पहिल्यांदा बोलताना भांडतायत असंच वाटतं. पण परत विचारलं तर परत सांगतात, आणि तिसऱ्यांदाही सांगतात.

वारणाकाठ

माणगंगाताई, तोर्मेसकाठ, डोंगरवाट, सगळ्यांचे मनापासून आभार. विद्यापीठ बदलता येणार नाही, आणि आता बदलावंसंही वाटत नाहीये. आईला ताईंचा प्रतिसाद वाचून दाखवला. तेल्याचं ऐकून ती गप्प झाली, मग म्हणाली, त्या आजींशी मला एकदा बोलव. रविवारी व्हिडिओ कॉल ठरलाय, मी दुभाषी!

आईचे तीन प्रश्न आहेत. रात्री उशिरा एकटीने घरी येणं सुरक्षित आहे का? कुकर न्यायचा का? आणि आजींच्या घरात आपल्या फोडणीचा वास चालेल का?

माणगंगा

व्हिडिओ कॉल जरूर करा. आईला सांग, घाबरून हळू बोलू नका, त्या बायका मोठ्यानेच बोलतात. कॉलवरच पाद्रोनचं विचारून घे, डोंगरवाट यांनी लिहिलंय ते अगदी महत्त्वाचं आहे. भाड्यात वीज धरली आहे का हेही विचार, हिवाळ्यात शेगडीचं बिल येतं.

रात्रीचं: मी रात्री बारा-साडेबाराला सायदीनमध्ये चालत यायचे, रस्त्यावर आजी-आजोबा नातवंडांना घेऊन बसलेले असायचे, विशेषतः मे महिन्यानंतर. मला कधी त्रास झाला नाही. पण खिशातला मोबाइल आणि पर्स गर्दीत सांभाळ, आल्बाइसिन या जुन्या वस्तीच्या अरुंद गल्ल्यांत उशिरा एकटी नको. तुला उशीर होणार असेल तर आजींना कळवत जा. त्या विचारणार नाहीत, पण जाग्या असतात.

कुकर नेऊ नकोस. स्पॅनिश घरांत मसूर-हरभरे शिजवायला कुकर असतोच. आमच्या बाईंचा आईकडून आलेला होता. शिट्टी मोजायची पद्धत मात्र नाही. वाफ सुरू झाली की घड्याळ लावतात. शेगडी काचेची असेल तर ती इंडक्शनची आहे का ते बघ, त्यावर ॲल्युमिनियमचं भांडं तापत नाही. हिंग मात्र इथूनच ने, डबा घट्ट बंद करून, दोन पिशव्यांत. मिसळणाचा डबा नेलास तर त्या बाईंना फार आवडेल, असले डबे त्यांच्याकडे नसतात.

फोडणीचं विचारून कर. आमच्या बाई पहिल्यांदा मोहरी तडतडली तेव्हा धावत आल्या होत्या, काय जळतंय म्हणून. नंतर त्यांना पिवळं वरण इतकं आवडलं की गुरुवारी मीच रांधायचं ठरलं होतं. खिडकी उघडी ठेवायची आणि तळण दुपारच्या झोपेच्या वेळी काढायचं नाही, एवढ्या दोन गोष्टी पाळल्यास तर त्या घरात काही अडणार नाही.

विमानाचं तिकीट अजून काढलं नसशील तर मालागापर्यंतचं बघ. तिथून ग्रानादाची बस साधारण दोन तासांत पोचवते. माद्रिदहून रेल्वेला साडेतीन तास लागतात, बसला पाच. दोन मोठ्या बॅगा घेऊन माद्रिदमध्ये स्टेशन बदलत बसण्यापेक्षा मालागा सोपं पडेल. आल्हाम्ब्राचं तिकीट मात्र पोचल्या पोचल्या ऑनलाइन काढून ठेव. ते नावावर असतं, पासपोर्ट बघतात आणि आतल्या नासरी महालांची वेळ चुकली तर तिथे आत सोडत नाहीत.